ताकावरून ताकभात आणि सुतावरून स्वर्ग

७ डिसेंबर २०१२ ला अमेरिकेतल्या ‘व्हिडिओ गेम अवॉर्ड्स’ सोहळ्यात ‘द फँटम पेन’ नावाच्या गेमचा ट्रेलर दाखवला गेला. डावा हात गमावलेला एक माणूस हॉस्पिटलच्या फरशीवरून सरपटत निघालाय, सगळीकडे आग लागलीय आणि आभाळात एक पेटलेला देवमासा दिसतोय. गेम बनवणारी कंपनी म्हणून स्वीडनच्या ‘मोबी डिक स्टुडिओ’चं नाव होतं. ते त्या दिवसापर्यंत कुणी ऐकलेलं नव्हतं. स्टुडिओचा प्रमुख म्हणून योआकिम मोग्रेन हे नाव पुढे आलं.

चाहत्यांनी लगेच दोन धागे पकडले. योआकिम या नावाची रोमन अक्षरं, म्हणजे जे, ओ, ए, के, आय आणि एम, उलटसुलट लावली की ‘कोजिमा’ होतं, म्हणजे ‘मेटल गिअर सॉलिड’ या गेम-मालिकेचे जपानी निर्माते हिदेओ कोजिमा यांचं आडनाव. एकही अक्षर उरत नाही, एकही कमी पडत नाही. दुसरा धागा त्याहून पक्का होता. ट्रेलरमधल्या लोगोत काही अर्धवट रेघा आणि मोकळ्या जागा होत्या. ‘मेटल गिअर सॉलिड’ मालिकेच्या नेहमीच्या टंकात ते नाव आणि पुढे रोमन पाचचा आकडा लिहून त्या लोगोवर ठेवला, तर अक्षरं त्या जागांत चपखल बसत होती. मार्च २०१३ मध्ये हे मोग्रेन एका मुलाखतीला तोंडभर बँडेज गुंडाळून बसले. त्याच महिन्यात सॅन फ्रान्सिस्कोच्या गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्समध्ये हिदेओ कोजिमा स्वतः तसंच बँडेज बांधून मंचावर आले आणि सगळ्यांसमोर ते सोडलं. गेम ‘मेटल गिअर सॉलिड ५’ होता. प्रकाशक कोनामी.

अशा शोधाशोधीला रिकामटेकड्यांचा उद्योग म्हणणाऱ्यांशी माझं भांडण आहे. एका ट्रेलरच्या शेकडो फ्रेम थांबवून थांबवून पाहणं, लोगोच्या रेघा मोजणं, नावाची अक्षरं तपासणं हे बारकाईचं वाचन आहे. ताकावरून ताकभात ओळखायला डोकं लागतं, आणि ते काम हजारो लोक एकत्र मिळून करतात तेव्हा त्याला एक विलक्षण वेग येतो. पण २०१२ च्या त्या प्रकारात एक गोष्ट खर्ची पडली आणि ती अजून भरून निघालेली नाही. ती म्हणजे नकाराची किंमत. ‘आमचा कोजिमांशी काही संबंध नाही’ असं एखादा अनोळखी स्टुडिओ म्हणाला, तर ते खरं मानायचं की कोड्याचाच भाग मानायचा, हे चाहत्यांना ठरवता येईनासं झालं. कंपन्यांनी टीझरमध्ये हवं तेवढं लपवावं, मात्र खोटा नकार खेळाचा भाग करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. त्याची किंमत कोण मोजतं, ते २०२१ मध्ये दिसलं.

आधी २०१४ पाहायला हवं, कारण सवय तिथे पक्की झाली. १२ ऑगस्ट २०१४ ला जर्मनीतल्या गेम्सकॉम या गेमच्या प्रदर्शनात सोनीच्या कार्यक्रमात ‘पी. टी.’ नावाचा छोटा भयपट-गेम जाहीर झाला आणि त्याच दिवशी प्लेस्टेशन ४ वर फुकट मिळू लागला. बनवणारे ‘७७८०एस स्टुडिओ’, हेही नाव नवंच. गेम म्हणजे एल आकाराचा एक बोळ. टोकाच्या दारातून बाहेर पडलं की पुन्हा त्याच बोळाच्या सुरुवातीला. दर फेरीत काहीतरी बदलतं: दिवा लाल होतो, न्हाणीघराचं दार किलकिलं होतं, फ्रिज छताला टांगलेला दिसतो. शेवटचं कोडं सुटलं की कोजिमा आणि चित्रपट दिग्दर्शक गियेर्मो देल तोरो यांची नावं झळकतात, अभिनेता नॉर्मन रीडस रस्त्यावरून चालताना दिसतो आणि ‘सायलेंट हिल्स’ ही अक्षरं उमटतात. म्हणजे ‘पी. टी.’ हा कोनामीच्या ‘सायलेंट हिल’ या भयपट-गेम मालिकेतल्या नव्या भागाचा टीझर होता. कोडं सुटायला आठवडाभर तरी लागेल असा कोजिमांचा अंदाज होता. ते काही तासांत सुटलं.

७७८० हा आकडाही चाहत्यांनी सोडला नाही. जपानच्या शिझुओका प्रांताचं क्षेत्रफळ सुमारे ७,७८० चौरस किलोमीटर आहे, आणि शिझुओका ज्या दोन चित्राक्षरांनी लिहितात त्यांचा अर्थ ‘शांत’ आणि ‘टेकडी’. सायलेंट हिल. ही जोडणी मला आजही सुंदर वाटते, कारण ती दोन्ही बाजूंनी तपासता येते: नकाशा उघडा, शब्दकोश उघडा, झालं.

पण याच ‘पी. टी.’च्या शेवटच्या कोड्यानं सामूहिक शोधाची कमजोरीही उघडी पाडली. कोडं सुटलं, पण ते नेमकं कशामुळे सुटलं हे सोडवणाऱ्यांनाही सांगता येईना. दर तासाला नवी कृती फिरू लागली. बाराचे टोले पडले की बरोबर दहा पावलं चाला. बाळाचं हसू ऐकू येईपर्यंत हलू नका. मायक्रोफोनमध्ये एक विशिष्ट नाव उच्चारा. कंट्रोलर थरथरला की जागीच उभे राहा, मग फोन वाजेल. कुणाचं काम नाव न घेताच झालं, कुणाचं मायक्रोफोनशिवाय, कुणाचं सगळं तंतोतंत करूनही झालं नाही. चुकत काय होतं? प्रत्येक जण पाच-सहा गोष्टी एकदम करत होता आणि यश आलं की त्या सगळ्यांना श्रेय देत होता. कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडली, तर फांदी कावळ्यानंच मोडली असं धरून चालणं. हे टाळायचा मार्ग कंटाळवाणा आहे, पण दुसरा नाही: एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं तसंच ठेवायचं, तोच प्रयोग निदान दहा वेळा करायचा आणि फसलेले प्रयत्नही लिहून ठेवायचे. नाव न उच्चारता दहांपैकी सात वेळा फोन वाजत असेल, तर नाव उच्चारणं ही अट नाही. एवढं साधं कोष्टक मांडलं असतं तरी निम्म्या कृती गळून पडल्या असत्या.

‘पी. टी.’बद्दल आणखी एक गोष्ट पुढच्या कथेसाठी महत्त्वाची आहे. हा कुण्या छोट्या स्टुडिओचा गेम वाटावा म्हणून चित्रांचा दर्जा मुद्दाम उतरवला होता, असं कोजिमांनी नंतर सांगितलं. म्हणजे चाहत्यांनी दुसरा धडा शिकला: अनोळखी नाव हा पुरावा, आणि ओबडधोबड काम हाही पुरावाच. एप्रिल २०१५ मध्ये कोनामीनं ‘सायलेंट हिल्स’ रद्द केला, ‘पी. टी.’ दुकानातून काढून टाकला, आणि ज्यांनी तो आधी घेतला होता त्यांनाही पुन्हा उतरवून घेता येईनासा झाला. प्रश्न अर्धवट राहिला की माणूस उत्तर शोधतच राहतो. या चाहत्यांनी ते सहा वर्षं शोधलं.

एप्रिल २०२१ मध्ये नेदरलँड्समधल्या ‘ब्लू बॉक्स गेम स्टुडिओज’नं ‘अबँडन्ड’ नावाचा गेम जाहीर केला. छोटा स्टुडिओ, फारसं कुणी न ऐकलेला, जंगलातला धूसर ट्रेलर. चाहत्यांनी लगेच जुनी फूटपट्टी काढली. संस्थापकाच्या नावाची आद्याक्षरं एच आणि के, कोजिमांचीही तीच. संस्थापकाच्या तुर्की आडनावाचा अर्थ ‘वीर’, आणि भाषांतर करणाऱ्या यंत्रात ‘हिदेओ’ टाकलं की तोच अर्थ येतो. झालं, ठरलं, हा कोजिमांचाच मुखवटा.

हे दोन ‘पुरावे’ शिझुओकाच्या शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत. इंग्रजीत २६ अक्षरं, म्हणजे आद्याक्षरांच्या जोड्या ६७६. जगात छोटे गेम स्टुडिओ हजारोंनी आहेत. त्यांतल्या कित्येकांच्या प्रमुखांची आद्याक्षरं कोजिमांशी जुळणारच, त्यात नवल कसलं? आणि ‘वीर’वाला मुद्दा तर शब्दकोशातच कोसळतो. ‘हिदेओ’ हा उच्चार जपानीत अनेक वेगवेगळ्या चित्राक्षरांनी लिहिता येतो. त्यांतल्या एका जोडीचा अर्थ ‘वीर’ होतो, पण कोजिमा आपलं नाव त्या अक्षरांनी लिहीत नाहीत. त्यांच्या नावातली अक्षरं ‘उत्कृष्ट’ आणि ‘पुरुष’ या अर्थांची आहेत. कोजिमांच्या कुठल्याही गेमच्या जपानी खोक्यावर त्यांचं नाव छापलेलं असतं. ते पाहायला दोन मिनिटं पुरली असती. पण जुळणी सापडल्याच्या आनंदात ती दोन मिनिटं कुणी खर्च करत नाही. शिझुओकाच्या बाबतीत अक्षरं तपासली तर दुवा घट्ट होतो, इथे तपासली तर तुटतो. बादरायण संबंध म्हणतात तो हाच.

अशा फसगतीमागचं गणित नीट समजून घ्यावं असं आहे. समजा आपण एका ट्रेलरमधल्या १०० गोष्टी तपासल्या: नावं, तारखा, रंग, घड्याळातली वेळ, दारावरचा आकडा. प्रत्येक गोष्ट निव्वळ योगायोगानं जुळण्याची शक्यता ५० त १ धरली, तरी १०० पैकी निदान एक तरी जुळण्याची शक्यता सुमारे ८७ टक्के होते. आणि लोकांसमोर येते ती जुळलेली एक, न जुळलेल्या ९९ कुणी दाखवत नाही. म्हणून ‘काय जुळलं’ यापेक्षा ‘किती गोष्टी तपासल्यावर जुळलं’ हा प्रश्न आधी विचारायला हवा. मेटल गिअरचा लोगो या कसोटीला उतरतो: पंधरा अक्षरं, ठरलेला टंक, ठरलेला क्रम, आणि सगळी एकदम बसतात. आद्याक्षरं उतरत नाहीत.

जून २०२१ मध्ये ब्लू बॉक्सनंच आगीत तेल ओतलं. गेमचं खरं नाव ‘एस’नं सुरू होतं आणि ‘एल’नं संपतं, ओळखा, अशा अर्थाचं ट्वीट केलं. ‘सायलेंट हिल’ही तसंच. गदारोळ उठल्यावर त्यांनी माफी मागितली आणि कोनामीशी, कोजिमांशी आपला संबंध नाही हे स्पष्ट केलं. ते ट्वीट ही त्यांची चूक होती आणि तिची जबाबदारी त्यांचीच. पण माफीनंतर जे झालं त्याची जबाबदारी फक्त त्यांच्यावर टाकता येणार नाही. नकार आला तसा संशय वाढला. मोबी डिक हाही असाच मुखवटा होता ना? संस्थापकाला व्हिडिओत येऊन आपण खरा माणूस आहोत, भाड्यानं आणलेला नट नाही, हे सांगावं लागलं. त्या व्हिडिओवरही अनेकांनी विश्वास ठेवला नाही. ऑगस्टमध्ये प्लेस्टेशन ५ वर त्यांचं टीझर दाखवणारं ॲप आलं, त्यात काही सेकंदांची आधीच पाहिलेली दृश्यं निघाली, आणि मग निराशेचं रूपांतर शिवीगाळीत झालं. कोजिमांनाही लोकांचे संदेश येत राहिले. हा प्रकार आपल्यासाठी त्रासदायक होता, असं त्यांनी पुढे २०२२ मध्ये आपल्या पॉडकास्टमध्ये सांगितलं. हेच एक वाक्य २०२१ च्या जूनमध्ये ठळकपणे यायला हवं होतं. एखाद्या तिऱ्हाइताला आपल्या नावावरून फाडलं जात असेल, तर मोठ्या माणसानं ‘हा मी नव्हे’ एवढं तरी सांगावं. मात्र २०१२ च्या बँडेजनंतर त्यांच्याही ‘नाही’वर किती जणांनी विश्वास ठेवला असता, हा प्रश्न उरतोच.

यावर उत्तर ठरलेलं असतं: मग गुपितं ठेवायचीच नाहीत का, सगळी मजाच घालवायची का? मुळीच नाही. निन्टेन्डो कंपनीच्या ‘लेजंड ऑफ झेल्डा’ या गेम-मालिकेचं उदाहरण घ्या. तिच्यातल्या ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’च्या पुढच्या भागाचा पहिला ट्रेलर जून २०१९ मध्ये आला आणि गेमचं नाव, ‘टिअर्स ऑफ द किंग्डम’, सप्टेंबर २०२२ पर्यंत निन्टेन्डोनं सांगितलं नाही. तीन वर्षांहून जास्त काळ. मधल्या काळात विचारलं तेव्हा कंपनीच्या लोकांनी सरळ सांगितलं, की नावातून कथेचा सुगावा लागेल म्हणून ते सांगत नाही. ना खोटं नाव, ना खोटी कंपनी. तरीही चाहत्यांची मजा कणभरही कमी झाली नाही. ट्रेलरमधलं वाळलेलं प्रेत लाल केसांवरून आणि कपाळावरच्या खड्यावरून मालिकेतला खलनायक गॅनॉनडॉर्फ याचं आहे, हे त्यांनी बरोबर ओळखलं. आदल्या गेममधले ओसाड अवशेष ज्या झोनाई लोकांचे होते, ते आता पुढे येणार, हेही बऱ्याच जणांनी ताडलं. झोनाई हे नाव मुळात ‘नाझो’, म्हणजे कोडं, या जपानी शब्दाची उलटापालट करून घेतलेलं आहे. चुका अर्थातच झाल्या. मालिकेतली राजकन्या झेल्डा हिचे केस कापलेले दिसले म्हणून या वेळी तिलाच घेऊन खेळता येणार, असं पुष्कळांनी धरलं होतं. तसं झालं नाही. झेल्डा मुख्य भूमिकेत आली ती २०२४ च्या ‘एकोज ऑफ विस्डम’मध्ये, तो वेगळाच गेम. पण या चुकीनं कुणाचं नुकसान झालं नाही. कुणी मुखवटा घातलेलाच नव्हता, त्यामुळे कुणाचा फाडायचा प्रश्नही आला नाही.

झेल्डाच्या अंदाजांतून एक वेगळीच गोष्ट लक्षात येते. चाहते कथा ओळखतात, खेळ नाही. गॅनॉनडॉर्फ ओळखला गेला, काळाशी काहीतरी संबंध असणार हेही ओळखलं गेलं, पण लाकडाच्या फळ्या, चाकं, पंखे एकमेकांना चिकटवून गाडी किंवा विमान बनवणं हा त्या गेमचा प्राण असेल, हे अंदाजांच्या ढिगात जवळपास कुठेच नव्हतं. मार्च २०२३ मध्ये निर्माते एजी आओनुमा यांनी स्वतः खेळून दाखवलं तेव्हा ते नीट कळलं. कारण उघड आहे. थांबवलेल्या फ्रेममध्ये चेहरा दिसतो, अलंकार दिसतो, लिपी दिसते. हातात कंट्रोलर धरल्यावर काय करता येईल ते दिसत नाही. म्हणून ‘हा गेम कसा असेल’ अशा ठाम भाकितांना कमी वजन द्यावं आणि ‘यात कोण असेल’ अशांना थोडं जास्त. आगाऊ पैसे भरायचे की नाही हे ठरवताना तर हा फरक हमखास लक्षात ठेवावा, कारण पैसे आपण खेळण्यासाठी देतो.

‘एल्डन रिंग’ या गेमच्या चाहत्यांचा मला विशेष आदर वाटतो. जून २०१९ च्या घोषणेनंतर दोन वर्षं जवळजवळ काहीच आलं नाही. तेव्हा त्यांनी सरळ स्वतःच गेम रचायला घेतला: ‘ग्लेव्ह मास्टर होडिर’सारखे शत्रू, त्यांच्या कथा, त्यांच्याशी लढायच्या युक्त्या. सगळं बनावट, आणि बनावट आहे हे सगळ्यांना ठाऊक. कल्पनेला कल्पना म्हणून मांडलं की ती कुणालाच चावत नाही.

बिघाड होतो तो या मधल्या प्रदेशात, जिथे कल्पना पुरावा म्हणून विकली जाते. व्हिडिओच्या चित्रावर लाल बाण काढून ‘पक्कं!’ लिहिलं की बघणारे वाढतात, ‘असू शकेल’ला कुणी विचारत नाही. पण पुराव्यांची प्रतवारी अवघड नाही. ट्रेलरच्या शेवटच्या पडद्यावरची स्वामित्वाची ओळ आधी वाचावी. तिथे ज्या कंपन्यांची नावं असतात त्या कायदेशीर कारणासाठी असतात, कोड्यासाठी नव्हे. वयोमर्यादेचं प्रमाणपत्र, जपानमधल्या सेरो या संस्थेचं असो वा दक्षिण कोरियाच्या मंडळाचं, हे बहुधा गेम पुष्कळसा तयार झाल्यावर घेतलं जातं, म्हणून ते भारी. ट्रेडमार्कचा अर्ज त्या मानानं हलका. जपानच्या कायद्यात सलग तीन वर्षं न वापरलेला ट्रेडमार्क कुणाच्याही मागणीवरून रद्द होऊ शकतो, त्यामुळे कंपन्या जुनी नावं राखण्यासाठी पुन्हा पुन्हा अर्ज करतात. जुन्या मालिकेच्या नावाचा अर्ज दिसला की नवा भाग येतोय, हे त्यावरून सिद्ध होत नाही. फ्रेम तपासायची तर उपलब्ध असलेली सर्वांत मोठी प्रत घ्यावी. व्हिडिओ आकुंचित करताना अंधाऱ्या भागांत चौकोनी ठिपके उमटतात, आणि ‘पाठीमागे चेहरा दिसतोय’ यांतले बरेच चेहरे त्या ठिपक्यांचे असतात. जपानी आणि इंग्रजी अशा दोन्ही प्रती शेजारी लावून त्याच सेकंदाला तोच चेहरा दिसतो का पाहावं. तरीही दृश्यावर आंधळा विश्वास नको. २००१ च्या ‘मेटल गिअर सॉलिड २’च्या ट्रेलरांत, गेममध्ये रायडन हा नवा नायक असलेल्या प्रसंगांत मुद्दाम जुना नायक स्नेक दाखवला होता, रायडनला लपवण्यासाठी.

शेवटची कसोटी सगळ्यांत महत्त्वाची: अंदाज मांडतानाच तो कशानं खोटा ठरेल तेही लिहावं. ‘स्वामित्वाच्या ओळीत कोनामी नसेल तर माझा अंदाज चुकला’, असं आधीच म्हणून ठेवावं. ज्या अंदाजात होकार आला तर खरा, नकार आला तर आणखी खरा, मौन पाळलं तर सगळ्यांत खरा, तो अंदाज नव्हे. त्याचं ओझं मग एखाद्या चार माणसांच्या स्टुडिओच्या डोक्यावर येतं.

कंपन्यांकडून मागणी मोजकी आहे. नाव लपवा, चेहरा लपवा, तारीख लपवा, पण बनावट कंपनीच्या तोंडून नकार वदवून घेऊ नका. आणि आपल्या मौनामुळे बाहेरचा कुणी भरडला जातोय असं दिसलं, की एका ओळीचं निवेदन त्याच दिवशी काढा. त्यानं कुठल्याही गेमचं गुपित फुटत नाही.

२०२१ च्या जूनमध्ये हजारो लोक ‘अबँडन्ड’च्या ट्वीटमधली अक्षरं मोजत होते, त्याच महिन्याच्या ३० तारखेला कोनामी आणि पोलंडच्या ब्लूबर टीमनं भागीदारीचं साधं निवेदन प्रसिद्ध केलं. त्यात ना कोडं होतं ना आद्याक्षरं. दोन कंपन्यांची खरी नावं होती, आणि त्यांतली एक भयपट-गेम बनवण्यासाठीच ओळखली जात होती. ज्यांनी तो कागद सरळ वाचला, त्यांनी ‘सायलेंट हिल’चं काम ब्लूबरकडे गेलं असणार असं म्हटलं. ऑक्टोबर २०२२ मध्ये कोनामीनं ते जाहीर केलं, आणि ब्लूबरनं नव्यानं बनवलेला ‘सायलेंट हिल २’ ८ ऑक्टोबर २०२४ ला बाजारात आला.